स्वच्छ हवेतला बावटा

सोमवार, सकाळचे सात बेचाळीस. मोरवेळच्या काजू कारखान्यात हेमांगी तांडेलच्या फोनवर पिवळी पट्टी उमटली. पट्टीवर तिच्या धाकट्या भावाचं नाव होतं आणि खाली एक ओळ : 'बदल जाणवतो आहे. आपलं निरीक्षण कळवा.' उत्तराची मुदत दुपारी पावणेदोनपर्यंत होती.

त्या वेळी भाऊ, गौरेश, मोरवेळ-खारगाव फेरीबोटीच्या सुकाणूवर होता. पावसाळ्यात फेरी बंद असते. यंदा जेट्टीच्या डागडुजीमुळे ती गणपतीनंतर, त्याच सोमवारी सुरू झाली होती. पहिल्याच फेरीला बोट भरलेली होती.

सिंधुदुर्गातली ही खाडी फार रुंद नाही, पण पूल बराच वरच्या अंगाला आहे. बाजार, कॉलेज आणि दवाखाना पलीकडे खारगावात. बोट आता विजेवर चालते, धक्क्याला लागताना संगणक मदत करतो, तरी परवानाधारक तांडेल सुकाणूशी उभा राहिल्याशिवाय ती सुटत नाही. बोट चालवणाऱ्याला इथे तांडेलच म्हणतात. गौरेशच्या घराण्याचं आडनावही त्यावरूनच पडलं.

गौरेशला स्किझोफ्रेनिया आहे. तो चौतीस वर्षांचा आहे, औषधं नियमित घेतो आणि नऊ वर्षं ही बोट चालवतो. या नऊ वर्षांत बोटीला एकदाही अपघात झालेला नाही. तीन वर्षांपूर्वी नवा नियम आला आणि त्याच्या परवान्याला एक अट जोडली गेली : कामावर असताना 'चाहूल' कानात हवी.

चाहूल म्हणजे काजूच्या बीएवढं यंत्र. ते कानामागे बसतं आणि त्याची मऊ पुंगळी कानात जाते. लोकांना वाटतं, ते रुग्णाला ऐकू येणारे आवाज पकडतं. तसं काही ते करत नाही.

आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याच कानांवर पडतो, तरी आपण दचकत नाही. तोंड उघडण्याच्या आधीच मेंदूतला बोलणारा भाग ऐकणाऱ्या भागाला कळवून ठेवतो की आता येईल ते आपलंच आहे. ऐकणारा भाग मग क्षणभर सैलावतो. स्किझोफ्रेनियात हा निरोप क्षीण होतो किंवा उशिरा पोचतो. मनातल्या मनात म्हटलेलं वाक्यही मग शेजारी कुणी उभं राहून बोलल्यासारखं वाटतं. म्हणूनच आवाजाला 'दुर्लक्ष कर' असं सांगून भागत नाही. ऐकणाऱ्यासाठी तो खराच असतो.

चाहूल या निरोपाची ताकद मोजते. माणूस बोलला की त्याच्या ऐकणाऱ्या भागातली विजेची हालचाल किती मंदावली, हे ती कानातून टिपते. मंदावणं कमी होऊ लागलं तर आजार पुन्हा डोकं वर काढण्याची शक्यता असते, आणि हे बहुधा पंधरवडाभर आधी कळतं. डॉक्टरांच्या दृष्टीने हा पंधरवडा मोलाचा. गोळीत थोडा बदल, झोप आणि विश्रांती एवढ्यावर अनेकदा भागतं.

यंत्र एवढंच सांगतं. पुढचं नियमाने ठरवलं. पिवळी पट्टी आधी घरातल्या नेमलेल्या 'सोबत्या'कडे जाते. त्याने 'ठीक आहे' म्हटलं तर काम चालू राहतं. 'तपासणी हवी' म्हटलं, किंवा उत्तरच दिलं नाही, तर इशारा डॉक्टरांकडे आणि फेरी चालवणाऱ्या सहकारी संस्थेकडे जातो आणि परवाना स्थगित होतो. वर्षात दोन स्थगित्या झाल्या तर संस्थेला परवाना रद्द करता येतो.

पहिली स्थगिती फेब्रुवारीत झाली होती. गौरेशला सडकून ताप होता आणि यंत्राने तापालाच बदल मानलं. हेमांगीने घाबरून 'तपासणी हवी' कळवलं होतं. तेव्हा भाऊ तिला एका शब्दाने बोलला नाही.

आता दुसरी.

तिने कारखान्यातून सुटी घेतली आणि जेट्टी गाठली. बोट पलीकडे गेलेली होती. धक्क्यावर फुटलेल्या नारळाची करवंटी आणि गुलाल पडला होता. तिकीट खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की यंदा गाऱ्हाणं झकास झालं. मोसमाच्या पहिल्या फेरीला तांडेलाने नारळ हातात धरून खाडीच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागायचं, ही मोरवेळची जुनी रीत. आजवर ते जुने तांडेल आणि संस्थेचे अध्यक्ष अनंत परब घालायचे. त्यांचा घसा बसला म्हणून यंदा गौरेशने घातलं. कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलं होतं. हेमांगीने ते पाहिलं.

"बा खाडीच्या राखणदारा म्हाराजा," गौरेश म्हणत होता, आणि मागून सगळी बोट म्हणत होती, "होय म्हाराजा."

"चार म्हयने तुझा पाणी तुका मोकळा दिला, आता ही होडी परत तुझ्या अंगाखांद्यार येता हा म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"बसणाऱ्याक पैलतीर दाखव, चालवणाऱ्याक सूद दी म्हाराजा."

चित्रीकरणाची वेळ पिवळ्या पट्टीच्या जरा आधीची होती. हेमांगीने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

डॉ. वैजयंती म्हापसेकर गौरेशवर पहिल्यापासून उपचार करतात. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चित्रीकरण मागवलं. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. त्यांचं म्हणणं असं : यंत्राला गौरेशच्या आवाजावर मेंदूने काय केलं ते मोजायचं असतं. गाऱ्हाण्यात त्याचं वाक्य संपता संपताच चाळीस माणसांचा आवाज त्याच्या कानावर आदळत होता. तो परका आवाज, त्यावर मेंदू सैलावणार नाहीच. यंत्राने दोन्ही एकच धरलं असेल. गोंगाट वेगळा काढायला ते शिकलेलं आहे, पण ओळीच्या शेपटीला धरून येणारा असा होकार त्याने कधी ऐकला नसावा.

म्हणजे इशारा खोटा, असं हेमांगी म्हणाली.

असू शकेल, असं डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, घरी तो कसा आहे?

हेमांगीने सांगितलं की अगदी छान आहे. कुणाशी वाद नाही, आरडाओरडा नाही. गेले पंधरा दिवस तर फारच शांत आहे.

"शांत म्हणजे कसा?" डॉक्टरांनी विचारलं.

तिने सांगायला सुरुवात केली आणि सांगता सांगता तिचा आवाज उतरत गेला. तो आपलं ताट वेगळं घेऊन पडवीत जेवतो. तिची थट्टा करत नाही. गणपतीत झांजा घेऊन आरतीला पुढे असणारा माणूस यंदा मागे भिंतीला टेकून उभा होता. गावातल्या लोकांनी तिला मुद्दाम येऊन सांगितलं होतं की तुझा भाऊ आता खरा सुधारला. तिलाही तसंच वाटलं होतं.

बारा वर्षांपूर्वीही असंच झालं होतं. गौरेश बावीस वर्षांचा होता. महिनाभर तो गप्प होता आणि आई शेजारणींना अभिमानाने सांगत होती की माझो झील शहाणो झालो. मग तो मध्यरात्री समुद्रावर जाऊन उभा राहू लागला, कारण तिथे बोलणारे त्याला स्पष्ट ऐकू येत. त्याने कुणावर हात उचलला नव्हता. पण वेडा माणूस कधीही अंगावर येतो, ही शेजाऱ्यांची खात्री. त्यांनी त्याला होड्यांच्या खोपीत कोंडून घातलं. बाहेर पडण्यासाठी त्याने खिडकीची काच फोडली. त्या सगळ्या आजारपणात जखमी झालेला एकच माणूस होता. त्याच्या डाव्या मनगटावर अजून व्रण आहे. पुढे कुणी अंगात येणाऱ्या 'झाडा'ला विचारलं, कुणी पूर्वजांना. मावशीने आईलाच दोष दिला की लाडाने पोर बिघडवलं. दवाखान्यात न्यायला आठ महिने गेले. आई गेली तोवर तो बरा होऊन कामाला लागला होता, पण आपल्या लाडांनीच झालं, असं ती शेवटपर्यंत मानत राहिली.

"तर आता मी काय कळवू?" हेमांगीने विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या की गाऱ्हाण्यामुळे झालं असेल, किंवा खरंच बदल असेल, दोन्ही या घटकेला तितकंच शक्य आहे. शांत खोलीत पुन्हा मोजल्याशिवाय त्या सांगू शकत नाहीत, आणि दवाखान्यातली ती खोली बुधवारच्या आधी मोकळी नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी स्पष्ट केली : हा इशारा प्रवाशांच्या जिवाचा नाही, गौरेशच्या तब्येतीचा आहे. लोक तो उलटा वाचतात.

लोक तो कसा वाचतात, ते हेमांगीला माहीत होतं. नियम आला तेव्हा संस्थेच्या सभेत परब उठून म्हणाले होते, "आतमदी दोन माणसां आसतत. एक आपलो गौरेश, तो सोन्यासारखो. दुसरो कोण तो माका ठावक नाय. बोट मी कोणाच्या हातात देव?" परबांनीच गौरेशला बोट शिकवली होती, मनात वाईट नव्हतं. सभेला आलेल्या डॉक्टरांनी उत्तर दिलं होतं, "दोन माणसं नसतात, काका. एकच असतो, आणि तो फार दमलेला असतो." परब मान हलवत खाली बसले. पण दोन माणसांची गोष्ट सांगायला सोपी होती, त्यामुळे गावात तीच राहिली.

बोट परत आली. मासे विकणारी शेवंतीकाकी पाटी घेऊन पुढच्या फेरीसाठी थांबली होती. गौरेशला पाहिल्यावर तिने रोजचा विनोद केला; चाहुलीला ती कुडं, म्हणजे कानातला दागिना, म्हणते. "गौरेशा, तुज्या त्या कुड्याक इचार मरे, आमचो जावय खंय बसान पिता तां." बोटीवरची माणसं हसली. गौरेश एरवी यावर काहीतरी बोलतो. आज त्याने नुसती तिची पाटी उचलून आत ठेवली.

हेमांगी बोटीत चढली आणि सुकाणूच्या चौकटीत त्याच्या शेजारी उभी राहिली. बोट मध्यावर येईपर्यंत तिने पट्टीचं, डॉक्टरांचं, गाऱ्हाण्याचं सगळं सांगून टाकलं. त्याने समोरची नजर काढली नाही. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं नाही, रागही नाही.

मग तिने बारा वर्षांत न विचारलेलं विचारलं. "आवाज येतत?"

"एक येता."

"कधीपासून?"

"तो गेलोच नाय कधी. गोळ्यांनी बाकीचे गेले. ह्यो लांब गेलो, पण रवलो."

"काय सांगता तो?"

"मोठा काय नाय. धक्क्याक लागताना 'दोरी, दोरी' म्हणता. कधी माझा नाव घेता. तो माझोच, ह्यां माका ठावक आसा. तरी कानाक भायल्यासारखो येता."

औषध चालू आहे म्हणजे आवाज बंद आहे, हे तिने इतकी वर्षं गृहीत धरलं होतं. आवाज येणारा माणूस रोज शेकडो लोकांना पलीकडे सुखरूप नेतो आणि संध्याकाळी येताना तिच्यासाठी पाव आणतो, हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"डॉक्टरांक ठावक आसा?"

"पैल्या वर्सापासून."

"आणि माका सांगूक नाय."

"बाय, सांगितला आसता तर तू निजली आसतंस?"

खारगावचा धक्का जवळ आला, बोट लागली, माणसं उतरली. शेवंतीकाकीची पाटी त्याने स्वतः खाली दिली. चौकटीत ती दोघंच उरल्यावर हेमांगीने विचारलं की आता तो आवाज वाढलाय का.

गौरेश म्हणाला की तेच त्याला कळत नाही. चार रात्री झोप नाही. गाऱ्हाणं चुकू नये म्हणून तो पडल्या पडल्या म्हणत होता. झोप त्यामुळे गेली की दुसऱ्या कशाने, ते आतून वेगळं करता येत नाही.

"मी 'ठीक आहे' कळवतंय," ती म्हणाली. "गाऱ्हाण्याचाच आसतला. बुधवारी मोजून घेव."

"आणि नसला तर?"

"मग 'तपासणी' कळवू? परवानो जातलो, गौरेश."

"तू कायच कळव नको," तो म्हणाला. "नऊ वर्सां सगळे तुका इचारतत, डॉक्टरांक इचारतत, आता ह्या कुड्याक इचारतत. बोट माज्या हातात आसा."

परतीची फेरी झाली. मोरवेळला बोट नेहमीसारखी अलगद लागली. माणसं उतरल्यावर त्याने दोन्ही दोर बांधले, विजेचं मुख्य बटण बंद केलं आणि किल्ली काढली. मग तो जेट्टीच्या टोकाला गेला आणि खांबावर लाल बावटा चढवला.

बावटा म्हणजे फेरी बंद. धुकं, वारा किंवा भरतीची ओढ पाहून तांडेल तो चढवतो. संगणकाचा अंदाज काहीही असो, बावट्यावर तांडेलाचा शब्द शेवटचा असतो आणि त्याला कारण विचारायचं नसतं, कारण कारण विचारलं की तांडेल भिडेने बोट सोडतो. एके काळी अशा भिडेपायी या खाडीत बोट बुडाली होती. त्या दिवसापासून ही रीत पडली आणि पुढे संस्थेने ती आपल्या नियमांत घेतली. बावट्याचा दिवस तांडेलाच्या नावावर ठपका म्हणून मांडला जात नाही.

त्या सोमवारी आकाश निळंभोर होतं. पाणी तेलासारखं पडून होतं.

रांगेतली माणसं आकाशाकडे पाहू लागली. कुणीतरी परबांना फोन केला. ते स्कूटरवरून आले, बसलेल्या घशाने विचारू लागले. गौरेशने किल्ली त्यांच्या हातात दिली.

"वारो नाय, धुकां नाय," परब म्हणाले. "बावटो कशाक?"

"काका, तांडेलाक कारण इचारूचा नसता. तुमीच शिकवलास."

परबांनी हेमांगीकडे पाहिलं. तिने फोन हातात घट्ट धरला होता. मग ते पुन्हा गौरेशकडे वळले.

"घराक जा," ते म्हणाले. "जेव आणि नीज."

हेमांगीने काहीच कळवलं नाही. मुदत संपली आणि 'सोबत्याचे उत्तर नाही' एवढ्या शेऱ्यासह इशारा संस्थेच्या कार्यालयात आणि डॉक्टरांकडे पोचला. बोट तेव्हा बऱ्याच आधीपासून धक्क्याला बांधलेली होती.

मंगळवारी खारगावच्या बाजारात बातमी होती की तांडेलाने भर खाडीत प्रवाशांवर हात उचलला. दुपारपर्यंत त्यात सुरी आली. शेवंतीकाकी त्याच बाजारात बसली होती. तिने सांगणाऱ्याला समोर उभं केलं आणि विचारलं की तू होतास का बोटीत. तो नव्हता. मी होते, ती म्हणाली, माझी पाटी उतरवून दिली त्याने, सुरी माझ्याच पाटीत होती. लोक हसले. पण संध्याकाळी वरच्या आळीत सुरीची गोष्ट पुन्हा सुरू झाली.

बुधवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात आवाजबंद खोलीत नोंद झाली. आकडा इशाऱ्याच्या पिवळ्या रेषेच्या सुरक्षित बाजूला आला, पण काठावर. तो घसरून इथे आला की मुळात इथेच होता, हे एका नोंदीवरून ठरत नाही, असं डॉक्टरांनी लिहिलं. त्यांनी झोपेसाठी एक औषध वाढवलं. आवाज येणं आणि काम करता न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असंही त्यांनी त्याच कागदावर लिहिलं. ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने गाऱ्हाण्याचं चित्रीकरण मागवून घेतलं आहे. त्यांचा निष्कर्ष आलेला नाही.

शनिवारी संध्याकाळी संस्थेची समिती बसली. मुद्दा एवढाच होता : सोमवारचा प्रकार दुसरी स्थगिती धरायचा की बावट्याचा दिवस. उत्तर आलं नाही, म्हणजे स्थगिती, असं तिघे म्हणाले. उरलेल्या तिघांचं म्हणणं, इशारा पोचला तेव्हा फेरी बंद होती, आणि ती तांडेलाने स्वतः बंद केली होती; याहून जबाबदार माणूस कुठून आणायचा? सातवं मत अध्यक्षांचं.

परबांनी हेमांगीला आत बोलावलं. समितीतल्या एकाने तिला थेट विचारलं की त्याला आवाज येतात का.

'नाही' म्हटलं तर ते खोटं होतं. 'हो' म्हटलं तर त्या खोलीत पुढचं कुणी ऐकणार नव्हतं.

"तो भायर पायरीर बसलो आसा," ती म्हणाली. "त्याकाच इचारा."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. संस्थेच्या कामकाजात हे याआधी कधी झालं नव्हतं. परब उठले. कुणाला बोलवायला न पाठवता ते स्वतः बाहेर गेले आणि गौरेशच्या शेजारी पायरीवर बसले. आतल्यांना त्यांच्या पाठी दिसत होत्या. बोलणं ऐकू आलं नाही. एकदा गौरेशने कानामागचं यंत्र काढून परबांच्या तळहातावर ठेवलं. परबांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं आणि परत दिलं.

ते आत आले आणि सभा तहकूब झाल्याचं त्यांनी सांगितलं.

पुढची नोंद सोमवारी सकाळी आहे. आजवर प्रत्येक वेळी हेमांगी दवाखान्यात बरोबर गेली आहे. शनिवारी जेवताना गौरेशने तिला सांगितलं की या वेळी तो एकटा जाईल, आणि आत जे काही झालं ते घरी आल्यावर तिला सगळं सांगेल. तो पडवीतून ताट घेऊन स्वयंपाकघरात आला होता आणि ते तिच्या ताटाशेजारी ठेवून बोलत होता.

रविवार दुपारपर्यंत परबांचं मत नोंदलं गेलेलं नव्हतं. हेमांगीनेही भावाला अजून हो किंवा नाही म्हटलेलं नाही.